वाट न पाहणारा वाडगा

एकटीनं प्रवास करताना दिवसभराचं काही वाटत नाही. संग्रहालयं, बागा, स्टेशनं, नदीकाठचे रस्ते, सगळीकडे एकटं माणूस खपून जातं. अवघड होतं ते संध्याकाळी सातनंतर. पाय बोलायला लागलेले असतात, भूक कडाडून लागलेली असते आणि ज्या रेस्टॉरंटच्या काचेतून आत डोकवावं तिथे दोघादोघांची, चौघाचौघांची टेबलं मांडलेली असतात. दारातला माणूस हसून विचारतो, किती जण? एक म्हटलं की त्याची नजर सगळ्या टेबलांवरून फिरून येते आणि मग तो आपल्याला खांबाआडच्या टेबलाशी नेतो. बसल्यावर समोरच्या खुर्चीपुढचे काटे-चमचे उचलून नेतो. ते उचलतानाचा किणकिणाट मला आजही नकोसा वाटतो.

म्हणून परक्या शहरात पहिल्या संध्याकाळी मी नूडल्सची एखादी चेन शोधते. खाण्यातले दर्दी असलेले माझे मित्र यावर नाक मुरडतात. इतक्या लांब जाऊन चेनमध्ये काय जेवायचं, ते अस्सल थोडंच असतं, असं त्यांचं म्हणणं. ते मला कळतं. गल्लीबोळात शिरून एखादं जुनं दुकान हुडकून काढण्यातला आनंद मलाही हवा असतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी तो घेतेही. पण चेनकडे मी नाइलाज म्हणून जात नाही. एकट्या माणसाचा इतका नीट विचार केलेली जेवणाची दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही. आणि हा विचार तिथल्या कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नसतो. तो नूडल्सच्या स्वभावातूनच आलेला असतो, म्हणून तर त्यावर माझा एवढा भरवसा.

नूडल्स थांबत नाहीत. सगळं तिथून सुरू होतं. उकळत्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या नूडलची बाहेरची बाजू पाणी पिऊन मऊ झालेली असते आणि गाभा अजून थोडा घट्ट असतो. दाताखाली जी लवचिक मजा येते ती या फरकाची. गरम सूपमध्ये पडल्यावरही नूडल पाणी शोषतच राहते. काही मिनिटांत आतबाहेर सारखंच होतं आणि मजा संपते. रामेनच्या, म्हणजे गरम सूपमध्ये वाढायच्या जपानी गव्हाच्या नूडल्सच्या, पिठात कान्सुई घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असलेलं अल्कधर्मी पाणी. त्यानं पिठातलं ग्लुटेन घट्ट होतं, रंगात पिवळसर झाक येते आणि नूडल सूपमध्ये जरा जास्त तग धरते. जरा जास्त म्हणजे थोड्या मिनिटांचीच सूट. तेवढ्यात वाडगा स्वयंपाकघरातून माणसासमोर यायला हवा आणि माणसानं खायला सुरुवात करायला हवी.

आता असा पदार्थ विकायचा तर दुकान कसं बांधावं लागेल? स्वयंपाकघर उघडं आणि हाताच्या अंतरावर हवं. आधी हे, मग ते, असं टप्प्याटप्प्यानं वाढणं बाद. सूप, नूडल्स, भाजी, अंडं, मांस, जे काही असेल ते एकाच वाडग्यात. खाणं पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं, त्यामुळे हिशेब टेबलाचा राहत नाही, बसायच्या जागेचा होतो. लांब काउंटर आणि त्याला लागून स्टुलांची रांग. अशा ठिकाणी चौघांच्या घोळक्याला ताटकळावं लागतं आणि एकट्या माणसाला मधली रिकामी जागा चटकन मिळते. अख्ख्या प्रवासात एकटं असणं फायद्याचं ठरतं ते इथे.

जपानमधल्या फुकुओका शहरात ही घाई अगदी पराकोटीला गेलेली दिसते. तिथल्या नागाहामा मासळी बाजारातल्या माणसांना पहाटेच्या धांदलीत खायला फार वेळ नसायचा. म्हणून नूडल्स अतिशय बारीक झाल्या, क्षणात शिजाव्यात म्हणून. पण बारीक नूडल्स लवकर मऊही पडतात. मग वाडग्यात त्या थोड्याच घालायच्या आणि संपल्या की उरलेल्या सूपमध्ये पुन्हा ताज्या नूडल्स घालायच्या, अशी पद्धत पडली. तिला काएदामा म्हणतात. नूडल्स किती कडक हव्यात हेही गिऱ्हाईक सांगतं. घाईतल्या माणसासाठी केलेली ही सोय आता जगभरच्या रामेनच्या दुकानांत मिळते, आणि ती मागताना मला त्या बाजारातल्या, हाताला मासळीचा वास असलेल्या माणसांची आठवण येते. त्यांनी जेवणाशी तडजोड केली नाही, जेवणालाच आपल्या वेळेत बसवलं.

ईचिरान ही चेन याच फुकुओकाची. तिच्याबद्दल बरंच ऐकलं होतं, तरी पहिल्यांदा आत शिरल्यावर मी दारातच थबकले. आधी एक यंत्र. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट घ्यायचं. (अशा यंत्रांसमोर भाषा येत नसेल तर एक सोपा आडाखा आहे: बऱ्याच दुकानांत डावीकडचं सगळ्यात वरचं बटण त्या दुकानाच्या मुख्य पदार्थाचं असतं. मागे रांग वाढत असताना याचा फार आधार वाटतो.) आत गेल्यावर काउंटर, पण प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. अभ्यासाला बसावं तसं बसायचं. प्रत्येकाला पाण्याचा वेगळा नळ. समोर एक कागद आणि पेन. सूप किती दाट, लसूण किती, कांद्याची पात हवी का, तिखट लाल मसाला किती, नूडल्स मऊ की कडक, एकेका ओळीत गोल करायचा. तोंडानं एक शब्द बोलायची गरज नाही.

कागद आणि तिकीट पुढे सरकवलं. समोर बांबूचा छोटा पडदा अर्धवट गुंडाळलेला होता. थोड्या वेळानं त्याखालून दोन हात आले. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, बोटभर लांब, आजूबाजूच्या कातडीपेक्षा चकचकीत. त्या हातांनी वाडगा दोन्ही बाजूंनी धरून माझ्यासमोर ठेवला आणि मग जरासा फिरवला, वरचं मांस आणि लाल मसाल्याचा ठिपका नीट माझ्याकडे यावा म्हणून. मग ते हात मागे गेले, पलीकडचा माणूस कमरेत वाकला, तेवढं मला दिसलं, आणि पडदा खाली आला. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. पण वाडगा फिरवण्याची ती छोटीशी हालचाल मला पुरली. दिवसभरात शेकड्यानं वाडगे ठेवणाऱ्या माणसानं माझा वाडगा माझ्याकडे तोंड करून ठेवला होता.

ही रचना पाहून कुणाला वाईटही वाटतं. माणसांना खोक्यांत बसवून खायला घालायचं, हे कसलं जेवण, असं एकानं मला विचारलं होतं. त्याला बहुधा सतत बघितलं जाण्याचा थकवा माहीत नसावा. परक्या देशात माझ्यासारखी बाई दिवसभर लोकांच्या नजरेत असते. नजर वाईटच असते असं नाही, पण असते. रामेनची दुकानं तर जपानमध्ये बराच काळ पुरुषांचीच समजली जायची. त्या फळ्यांच्या मध्ये बसून मी जपानी लोकांसारखं सुर्र आवाज करत नूडल्स ओढायला शिकले. तो आवाज नुसती रीत म्हणून नसतो. नूडल्सबरोबर हवा आत जाते, घास निवतो आणि सूपचा वास घशाच्या मागच्या बाजूनं नाकात चढतो. गपचूप चावून खाल्ल्या तर निम्मी चव जिभेपर्यंतच राहते. कुणी बघत नव्हतं म्हणून मला ते जमलं, आणि मग कुणी बघत असतानाही जमायला लागलं.

लंडनमध्ये नेमकी उलट तऱ्हा आहे, आणि तीही मला तितकीच प्रिय आहे. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि लहानपणी इंग्लंडला आलेल्या ॲलन याऊ यांनी 1992 मध्ये ब्लूम्सबरी भागात, ब्रिटिश म्युझियमपासून जवळच, वागामामा सुरू केलं. जपानी रामेन-घराची कल्पना घेतली आणि तिथल्या काउंटरऐवजी लांबच लांब लाकडी टेबलं आणि बाक ठेवले. तुमचं टेबल असं काही नाहीच. बाकावर जिथे जागा असेल तिथे सरकून बसायचं. शेजारी कोण येईल ते येईल. वेटर ऑर्डर घेतो आणि पदार्थांचे आकडे तुमच्या पुढ्यातल्या कागदावर पेनानं लिहून ठेवतो, म्हणजे वाडगा घेऊन येणाऱ्याला विचारावं लागत नाही कुणाचं काय. आणि आधीच सांगतो की जे जसं तयार होईल तसं येईल, एकत्र येणार नाही.

एकदा मी मावशीला तिथे घेऊन गेले होते. मावशी शाकाहारी. आधी त्या बाकावर अनोळखी माणसाला खेटून बसायलाच ती अवघडली. मग तिचा वाडगा आला, वाफाळता, आणि माझ्या नूडल्सचा पत्ता नव्हता.

'येऊ दे तुझं,' मावशी म्हणाली. 'बरोबरच खाऊ.'

'मावशी, तू सुरू कर. यात थांबून चालत नाही, नूडल्स फुगतील.'

'अगं, पण तू समोर उपाशी बसणार आणि मी खाऊ?'

'खा गं. इथे सगळे तसंच करतात. बघ की.'

ती बघायला लागली. आमच्या बाकावर खरोखरच कुणी खात होतं, कुणी थांबलं होतं, आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. समोरच्या मुलीला आमची भाषा कळणं शक्य नव्हतं, पण काय चाललंय ते तिला बरोबर कळलं. तिनं मावशीच्या वाडग्याकडे बोट केलं आणि हसून मान हलवली, खा म्हणून. मावशी लाजली आणि तिनं चॉपस्टिक्स उचलल्या. दोन घासांनंतर त्या ठेवून काटा घेतला. मावशीनं आयुष्यभर सगळ्यांना वाढलं आणि मग स्वतःचं उरलंसुरलं, बहुतेकदा निवलेलं खाल्लं. सगळ्यांच्या आधी, गरमागरम, कुणासाठी न थांबता ती जेवतेय, हे दृश्य मी तोवर पाहिलंच नव्हतं. माझे नूडल्स उशिरा आले याचा मला इतका आनंद कधी झाला नसेल.

मावशीबरोबर जाण्यात चेनचा आणखी एक फायदा झाला. तिथल्या मेनूत शाकाहारी माणसाला काय चालेल हे स्पष्ट लिहिलेलं असतं. वागामामानं 2021 मध्ये तर आपला निम्मा मेनू पूर्णपणे वनस्पतिजन्य केला. शाकाहारी प्रवाशाला नूडल्स दिसायला निरुपद्रवी वाटतात आणि घोटाळा सूपमध्ये असतो. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे पातळ सूप, आणि दाशी बहुतेक वेळा कोम्बू हे समुद्रशेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे सुकवून धुरवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप, यांची मिळून असते. नुसत्या उदोनवर, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सवर, कांद्याची पात भुरभुरवलेली असली तरी खालच्या सूपमध्ये बहुतेकदा मासा असतोच. सोबा या बकव्हीटच्या नूडल्स गरम असोत की थंड, सूपमध्ये किंवा बुडवायच्या सॉसमध्येही बहुतेकदा तोच.

यामागचं शास्त्र मला फार आवडतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोम्बूतून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढे त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी 1913 मध्ये कात्सुओबुशीत इनोसिनेट शोधलं. ही दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे शास्त्र कळण्याच्या कितीतरी आधी स्वयंपाक्यांनी जिभेच्या जोरावर ही जोडी जमवली होती. शाकाहारी माणसानं निराश व्हायचं कारण नाही, कारण सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट असतं आणि तेही कोम्बूबरोबर हाच चमत्कार करतं. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तीच दाशी वापरतात. फक्त दुकानात ती आहे का, हे विचारावं लागतं, आणि 'शाकाहारी आहे का' असं विचारण्यापेक्षा 'सूपमध्ये मासा आहे का' असं विचारलेलं बरं.

अस्सलपणाचा प्रश्न मित्रांनी काढला होता, त्याबद्दल मला मनापासून काही म्हणायचं आहे. रामेनचं खरं गाव कोणतं? गव्हाच्या या नूडल्स चीनमधून जपानला आल्या. टोकियोच्या आसाकुसा भागात 1910 मध्ये राइराइकेन नावाचं दुकान निघालं, त्याचे मालक जपानी आणि आचारी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई झाली, अमेरिकेतून गहू आला आणि त्या गव्हाच्या नूडल्स काळ्या बाजारातल्या गाड्यांवर विकल्या जाऊ लागल्या. ओसाकाच्या उमेदा स्टेशनामागे अशाच एका गाडीसमोर थंडीत लागलेली लांब रांग मोमोफुकू आन्दो यांनी पाहिली. ते स्वतः तैवानमध्ये जन्मलेले. ती रांग त्यांच्या डोक्यातून गेली नाही, आणि 1958 मध्ये त्यांनी पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या. हा पदार्थ सतत कुठून तरी कुठे तरी चाललेला आहे. हाँगकाँगहून आलेल्या माणसानं जपानी कल्पनेवर लंडनमध्ये बाक मांडले तर त्यात खोटं काय झालं? रामेन शंभर वर्षं हेच करत आलाय.

उदोनची गोष्ट जरा वेगळी आहे, त्याला गाव आहे. शिकोकू बेटावरचा कागावा प्रांत, जुनं नाव सानुकी. तिथे पाऊस कमी, भातापेक्षा गहू बरा यायचा. किनाऱ्यावर मीठ व्हायचं, समुद्रात सूपसाठी सुकवायला छोटे मासे मिळायचे आणि जवळच्या शोदोशिमा बेटावर सोया सॉस. उदोनला लागणारं सगळं हाताशी. मारुगामे सेइमेन ही चेन याच भागातल्या मारुगामे शहराचं नाव लावते, पण तिचं पहिलं दुकान 2000 मध्ये ह्योगो प्रांतातल्या काकोगावाला निघालं. इथे मित्रांना बोलायला जागा आहे, हे मान्य. तरीही त्या दुकानात ट्रे घेऊन रांगेत उभं राहिलं की समोरच पिठाची पोती दिसतात, लाटून घडी घातलेली पीठाची जाड पट्टी दिसते आणि ती कापून निघालेल्या, एकमेकींना चिकटू नयेत म्हणून भुरभुरलेल्या पिठानं पांढऱ्या झालेल्या नूडल्स मोठ्या कढईत पडताना दिसतात. नूडल्स त्याच दुकानात करायच्या हा त्यांचा आग्रह आहे. कारखान्यातून गोठवून आणणं किती सोपं झालं असतं! 2021 मध्ये त्यांनी लंडनला दुकान काढलं तेव्हाही नूडल्स करायचं यंत्र आणि पीठ सगळ्यांसमोर मांडलं. नाव कुठलं आणि दुकान कुठलं यापेक्षा माझ्या समोरची नूडल किती मिनिटांपूर्वी कापली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सगळ्या चेन अशा नसतात. विमानतळावरच्या एका दुकानात मला आधीच शिजवून ठेवलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नूडल्सवर गरम सूप ओतून दिलं होतं. तिथे कुणालाच कशाची घाई नव्हती, आणि तिथेच बिघडलं होतं. त्यामुळे आता मी आत शिरण्याआधी एकच गोष्ट बघते, नूडल्स उकळायच्या जाळीच्या टोपल्या. त्या पाण्यात बुडत-निघत असतील, आचारी झटका देऊन पाणी निथळत असेल, तर बसायला हरकत नाही. टोपल्या कोरड्या लटकत असतील तर पुढचं दुकान.

अलीकडे काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. यातल्या बऱ्याच दुकानांत दाराशी आता मोटरसायकलवाल्यांची गर्दी असते. घरपोच न्यायच्या पिशव्या काउंटरवर रांगेनं ठेवलेल्या असतात. नूडल्स आणि सूप वेगवेगळ्या डब्यांत भरतात, ते बरोबरच आहे, दुसरा मार्ग नाही. पण त्या वेगळ्या ठेवलेल्या नूडल्सचा पोहोचेपर्यंत गोळा होतो आणि सूप कोमट होतं. हॉटेलच्या खोलीत, पलंगाच्या कडेवर बसून मी असं एकदा खाल्लं आहे. पोट भरलं, पण शेजारी सरकून जागा देणारं कुणी नव्हतं आणि वाडगा माझ्याकडे फिरवून ठेवणारे हातही नव्हते. नव्या शाखांमध्ये लांब टेबलं कमी आणि दोघांची सुटी टेबलं जास्त दिसायला लागली आहेत. जागेचं भाडं, लोकांची आवड, मालकांची गणितं, कारणं असतील. पण ज्या मालकांच्या हातात आहे त्यांनी निदान एक लांब बाक ठेवावा, स्वयंपाकघरासमोरचा. संध्याकाळी सातनंतर 'एक' असं म्हणत आत येणारी माणसं प्रत्येक शहरात असतात, आणि त्या बाकावर त्यांना लगेच बसता येतं.